हिरव्या देठाची डांगरं

काल कारखान्याच्या गव्हाणीत यंदाची पहिली मोळी पडली आणि आज सकाळी भोंगा ऐकू आला. मी भाकरी थापत होते, हात परातीतच थांबला. वर्षभर हा आवाज नसतो तेव्हा त्याची आठवणही येत नाही, आणि एकदा वाजला की वाटतं, अरे, आपण याचीच तर वाट बघत होतो. अंगणात आले तर मळीचा वास सुटलेला. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो सोसत नाही. नाकाला रुमाल लावून विचारतात, तुम्ही राहता कसे हो इथे? आम्ही हसतो आणि चहा पुढे करतो. गोडूस, आंबूस, थोडा जळका असा तो वास आला की मला लिहायला बसावंसं वाटतं, याला मी तरी काय करू.

मी रहस्यकथा लिहिते. खून, दरोडे, बेपत्ता माणसं, विहिरीत सापडलेली गाठोडी, हा माझा धंदा. पुस्तकाच्या मागे फोटो नव्हता तोवर वाचकांना वाटायचं, लेखक कोणी तरी सिगारेट ओढणारा, पुण्या-मुंबईचा निवृत्त फौजदार असावा. मग फोटो छापला, तेव्हा चष्मा लावलेली, डोक्यावर पदर घेतलेली, पुणतांब्याच्या अलीकडच्या वस्तीवरची एक बाई निघाली. एका वाचकाने तर प्रकाशकांना फोन करून विचारलं होतं, फोटो चुकून दुसऱ्या पुस्तकाचा लागलाय का. पाककृतींच्या पुस्तकाचा, असं त्याला म्हणायचं होतं.

येत्या रविवारी नगरला एक कार्यक्रम आहे. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण जिभेला जुनी सवय आहे, वळण पडायला वेळ लागेल. आयोजक म्हणाले, ‘ताई, लेखकाच्या आयुष्यातून रहस्यकथा कशी येते, त्यावर बोला.’ या प्रश्नाचं माझं उत्तर तयार आहे. सगळ्या व्यासपीठांवर मी तेच सांगत आले, लोक हसतात, टाळ्या वाजवतात, मीही खूश होऊन घरी येते. अडचण एवढीच की आमचा ऊस अजून शेतात उभा आहे, तोडीचा पत्ता नाही, आणि आत्याबाईंनी कालच मला ऐकवलं, ‘नेम ठाव हाय ना?’

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सून सासूला आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामा. नेम असा की ऊस गेल्याशिवाय घरातलं कोणी मुक्कामाला किंवा लांबच्या गावाला जायचं नाही. हा नेम आत्याबाईंनीच घातला, माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी. एका वर्षी सगळं घर लग्नाला गेलेलं, दाराला कुलूप, आणि नेमकी त्याच दिवशी तोडणीची टोळी आली. घरी माणूस नाही, प्यायला पाणी द्यायला कोणी नाही, ट्रॅक्टर बांधावरून आत कसा घ्यायचा ते दाखवायला कोणी नाही. टोळी गेली दुसऱ्याच्या रानात. आमचा ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा राहिला, त्याला तुरे फुटले, वाळून चिपाड झाला. तेव्हापासून हा नेम. आता तोडीचा निरोप मोबाईलवर मेसेज होऊन येतो, आता ऊस कापायला दणदणीत यंत्रंही फिरतात, आणि मी पन्नाशीला टेकलेली बाई आहे. पण नेम म्हणजे नेम. मला विचारावं लागतं, आणि खरं सांगायचं तर अजून विचारायला कोणी आहे याचं मला बरंच वाटतं.

हा हंगाम सुरू झाला की मला दर वर्षी लग्नानंतरचा तिसरा हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्याने मला लेखिका केलं.

माझं माहेर श्रीगोंद्याकडचं. तिथेही ऊसच, त्यामुळे नवं काही नव्हतं. फक्त तिकडे मी लेक होते, त्यामुळे ऊस कोण तोडतं, कधी तोडतं, याच्याशी माझा संबंध नव्हता. माझा संबंध गावच्या वाचनालयाशी. तिथल्या रहस्यकथांच्या कपाटाचा मी फडशा पाडला होता. कोणत्या पानावर खुनी ओळखला ते मी पेन्सिलीने कोपऱ्यात बारीक लिहून ठेवायचे. लग्न होऊन इकडे आले आणि वाचायला मिळेना, म्हणून मग लिहायलाच लागले. दुपारी भांडी झाली की अर्धा-पाऊण तास.

काय लिहीत होते विचाराल तर सांगायची सोय नाही. माझ्या गोष्टीतले सगळे खून समुद्राकाठच्या बंगल्यात व्हायचे. समुद्र मी पाहिलेला नव्हता. बंगल्यात झुंबर, जिन्याला लाकडी कठडा, आणि मालक संध्याकाळी कॉफी पीत वर्तमानपत्र वाचायचा. आमच्या घरात तेव्हा कॉफी फक्त सर्दी झाली की करायचे, तीही जायफळ घालून. माझा गुप्तहेर लांब कोट घालून फिरायचा. मे महिन्यात सुद्धा.

आत्याबाईंना या उद्योगाबद्दल काय वाटतं ते त्यांनी लपवलं नाही. ‘दळण आनलं का? मंग लिव्ह तुझे खून,’ असं त्या म्हणायच्या. शेजारणी आल्या की माझ्यासमोरच सांगायच्या, ‘आमची सून रोज दुपारी येक मानूस मारती.’ मामा मात्र विचारायचे, ‘आज कोन गेला?’ मी सांगायचे, मालकाचा पुतण्या गेला. ‘वाईट झालं,’ म्हणायचे आणि तंबाखू मळत बसायचे. मामांचं माझं असं छान चालायचं.

त्या हिवाळ्यात पुण्याहून फोन आला. रहस्यकथांचं एक मासिक निघायचं, त्याच्या संपादकांना मी दोन गोष्टी पाठवल्या होत्या. ते म्हणाले, ‘तुमची भाषा चालते. वाचक पान उलटतो. पण या बंगल्यात तुम्ही कधी पाऊल टाकलेलं नाही, हे मला पहिल्या ओळीत कळलं. तरीही या. येत्या शुक्रवारी या. दर महिन्याला चालणारी एक नवी मालिका सुरू करतोय, तिचा लेखक मला त्याच दिवशी ठरवायचाय. आणखी एक-दोघं येणार आहेत.’

मी फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. दर महिन्याला माझी गोष्ट, माझं नाव. आणि शुक्रवार. शेतात ऊस उभा, तोड नाही, आणि घरात नेम. शुक्रवारी मी पुण्यात नसले तर ती मालिका दुसऱ्याची होणार आणि मी आयुष्यभर दुपारी अर्धा-पाऊण तास समुद्राकाठी माणसं मारत बसणार, हे मला लख्ख दिसलं.

मग सुरू झालं म्हस्केभाऊंची वाट बघणं. म्हस्केभाऊ कारखान्याचे स्लिपबॉय. नावातच तेवढा बॉय, बाकी डोक्याला टक्कल आणि घरी सुना. कोणाच्या उसाला कधी तोड द्यायची त्याची चिठ्ठी त्यांच्या हातून यायची, म्हणून हंगामात त्यांची मोटारसायकल दिसली की वस्त्यावस्त्यांवर चहाची आधणं चढायची. मी त्यांना तीनदा चहा पाजला, एकदा कांदाभजी खाऊ घातली. ते म्हणायचे, ‘वहिनी, तोड काय माझ्या खिशात हाय का? आली की दिली.’ उद्या, परवा, बघू, सांगतो. वाचकाला पुढच्या प्रकरणासाठी कसं लटकवून ठेवायचं, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. भजी खात खात म्हस्केभाऊंनी शिकवलं.

आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला ना आत्याबाईंशी. हे म्हणाले, ‘तूच बोल, तुझं ऐकते ती.’ हे धादांत खोटं होतं. तरी मी धीर करून बोलले. आत्याबाई शेंगा फोडत होत्या. मी सगळं सांगितलं, मालिका, शुक्रवार, संपादक. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हे काम लई मोठं हाय का?’ मी म्हटलं, हो. ‘परत न्हाई मिळायचं?’ म्हटलं, नाही. त्यांनी टरफलं सुपात झटकली आणि म्हणाल्या, ‘नेम तो नेम. तुला सोडलं तर उद्या घरातलं दुसरं कोन ऐकंल?’ मी न्हाणीघरात जाऊन रडले. तोंड धुऊन बाहेर आले तेव्हा मामा माझ्याकडे बघत होते. 

मंगळवारी आत्याबाई डोक्यावर टोपली घेऊन रानातून आल्या आणि डांगरं बाजेखाली ओळीने मांडून ठेवली. डांगर म्हणजे पुण्याकडचा लाल भोपळा. उसाच्या बांधावर त्यांचा वेल असायचा, दर वर्षी. मला म्हणाल्या, ‘घारगे करून टाक कवा तरी.’ माझं लक्ष कुठे होतं घारग्यात.

बुधवारी दुपारी मी धुणं वाळत घालत होते. ओल्या कपड्यांवर काळे कण पडायला लागले. हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काजळी पडतेच, त्यामुळे मी नुसती वैतागले. मग कण मोठे व्हायला लागले, पाचटाची जळकी पानंच्या पानं. आणि मग तो आवाज आला. ऊस जळताना तडतड फुटतो, एकदा ऐकला की विसरत नाही. मी ओरडत पळाले. आमचाच ऊस पेटला होता.

आग विझवायचा प्रश्नच नव्हता. तिन्ही बाजूंच्या शेतातला ऊस आधीच तुटून गेला होता आणि चौथ्या बाजूला पाट, त्यामुळे बाकी कोणाचं काही गेलं नाही, आमचाच तेवढा पेटला आणि पाचट जळून हां हां म्हणता शांतही झाला. वस्तीवरची माणसं जमली. मामा गावातून धावत आले. न्हाव्याकडे बसले होते ते, एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालाला साबण, गळ्यात न्हाव्याचा टॉवेल तसाच. आत्याबाई बांधावर उभ्या राहून कमरेला पदर खोचून शिव्या देत होत्या. ‘कुना मुडद्यानं काडी लावली? हात झडतील त्याचे. किडं पडतील बोटाला.’ त्यांचा तो आवाज पाटापलीकडच्या वस्तीपर्यंत गेला असेल.

म्हस्केभाऊ आले. त्यांनी रानाकडे पाहिलं, वर तारांकडे पाहिलं आणि विचारलं, ‘शॉर्टसर्किट?’ सगळ्यांनी माना हलवल्या. व्हय, शॉर्टसर्किट. मीही मान हलवली. उसाच्या पट्ट्यातली आग म्हणजे शॉर्टसर्किट, याच्यापलीकडे कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना एक गोष्ट माहीत असते. जळालेला ऊस उभा ठेवता येत नाही, त्याची साखर उतरत जाते. म्हणून कारखान्याला त्याला सगळ्यांच्या आधी तोड द्यावी लागते. घाई झालेली माणसं कधी कधी स्वतःच आपल्या उसाला काडी लावतात आणि मग तारांना दोष देतात. वाईट खोड आहे, पण आहे.

गुरुवारी सकाळी टोळी दारात. बायकामाणसं, बैलगाड्या, कोयत्यांची खणखण. संध्याकाळपर्यंत आमचं रान मोकळं. आत्याबाई ओसरीवर येऊन म्हणाल्या, ‘ऊस गेला. आता ज्याला जायचं त्यानं जावं.’ माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी वाटेतल्या शिदोरीसाठी घारगे करायला घेतले. डांगर चिरताना देठाचा चीक बोटांना चिकटला, निघता निघेना. गर फिका निघाला म्हणून गूळ थोडा जास्त घातला. हे करत असताना डोकं मात्र भलतीकडेच चाललेलं. कारण बुधवारी सकाळपासून वीज नव्हती. ठेचा मी मिक्सरमध्ये न वाटता खलबत्त्यात कुटला होता, गावातली गिरणी बंद होती. वीजच नाही, तर शॉर्टसर्किट कशाचं? आणि दुसरं, मी गोठ्याच्या मागे सरपण आणायला गेले तेव्हा तिथे ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवलेल्या दिसल्या. उसात पाण्याच्या काळ्या नळ्या पसरलेल्या असतात. तोड आली की त्या आधी गोळा करतात, नाहीतर कोयत्याखाली येतात. पण आमची तोड आलीच नव्हती. तोडीचा पत्ता नाही आणि नळ्या मात्र नीट गुंडाळून, सुतळीने बांधून ठेवलेल्या, म्हणजे आगीत वितळल्याच नाहीत. गाठी मामांच्या. मामांची गाठ मी कुठेही ओळखते.

मग ती अर्धी दाढी. इतकी पक्की साक्ष कोणाकडे असते? आग लागली तेव्हा माणूस न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला साबण, चार माणसं बघतायत. मी वाचनालयाचं कपाट संपवलेली बाई. ज्याच्याकडे सगळ्यात पक्की साक्ष, तोच गुन्हेगार, एवढं मला कळत होतं. कोणाला तरी सांगून लावली असेल काडी. मला रडताना पाहिलं होतं त्यांनी. मी मामांकडे पाहिलं तर ते उरलेला गाल घरीच खरवडत होते. मला भरून आलं. पण विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं?

शुक्रवारी पहिल्या एस.टी.ने निघाले. राहुरीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे एस.टी. रांगत होती, ट्रॅक्टरवर गाणी लागलेली, रस्त्यावर उसाची कांडकी पडलेली, पोरं ती उचलून पळतायत. थंडी, खिडकीची काच लागत नव्हती, आणि मी स्वेटरमध्ये बसून मनाशी हसत होते. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते. हे ह्यांनाही ठाऊक आहे.

संपादकांच्या खोलीत पुस्तकांच्या चळती आणि एक मोडकी खुर्ची. ते म्हणाले, ‘बोला, मालिकेसाठी काय आणलंय?’ मी समुद्राकाठच्या बंगल्याची गोष्ट आणली होती. पण तोंडून निघालं दुसरंच. सगळं सांगितलं, नेम, म्हस्केभाऊ, आग, बंद वीज, नळ्या, साबणाचा गाल. ते हातातलं काम ठेवून ऐकत होते. मध्येच मी डबा उघडला, त्यांनी घारगा उचलला. ‘रंग फिका आहे,’ म्हणाले, ‘पण चवीला झकास.’ दुसरा उचलला. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, ‘हे लिहा. तो कोट आणि तो समुद्र नगर जिल्ह्याच्या हद्दीबाहेर सोडून या.’

असा माझा बापू पाटकरी जन्माला आला. कालव्याचं पाणी वाटून निवृत्त झालेला, धोतर नेसणारा, तंबाखू मळत ऐकणारा, मामांसारखा मितभाषी म्हातारा. जिथे गुन्हा घडतो तिथे जाऊन तो एकच विचारतो, ‘काय गेलं ते राहू द्या. काय वाचलं ते दाखवा.’ कारण गुन्हा करणारा माणूसही आपल्या जिवाची एखादी वस्तू आधी उचलून ठेवतोच, आणि तिथेच तो सापडतो. त्या गुंडाळलेल्या नळ्यांनी मला हे शिकवलं आणि मी त्यावर सगळा संसार केला लेखनाचा. मासिक पुढे बंद पडलं, बापू चालू राहिला. त्याची पुस्तकं झाली, आता लोक कानात घालून ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या ऐकतात. पहिलं पुस्तक मी मामांना अर्पण केलं. लिहिलं, ‘माझ्यासाठी ऊस पेटवणाऱ्या माझ्या सासऱ्यांना.’ मामांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, ‘छपाई चांगली हाय.’ गावात त्यांना लोक चहा पाजून ती गोष्ट विचारतात. ते नुसते हसतात.

नवे लेखक मला विचारतात, विषय कुठून आणता? मी म्हणते, माझ्या आयुष्यात खून झालेला नाही, देवाच्या कृपेने. पण गुपितं झाली, वाट बघणं झालं, सगळ्यांनी मिळून एका सुरात शॉर्टसर्किट म्हणणं झालं. रहस्यकथेला आणखी काय लागतं? माणूस कशासाठी काय करायला तयार होतो, हे एकदा आपल्याच घरात बघायला मिळालं की पुढे कल्पना करणं सोपं जातं. नाहीतर झुंबराचे दिवे पुसत बसावं लागतं.

तर हे माझं तयार भाषण. रविवारी नगरला हेच सांगायचं, असं ठरवून आज सकाळी भाकऱ्या उरकल्यावर मी बांधावर गेले. कुठल्याही कार्यक्रमाला जाताना मी घारगे घेऊन जाते, पहिल्या दिवसाची आठवण म्हणून. आत्याबाई कोवळ्या उन्हाला खुर्ची टाकून बसल्या होत्या. आता त्या फारशा चालत नाहीत, पण वेल अजून त्याच लावून घेतात, बी कुठे टोचायचं ते काठीने दाखवतात. शेजारी मामा, कानाला यंत्र लावून. डांगरं चांगली धरलेली. मी वाकून एकाला हात घातला.

‘हात लावू नको,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘देठ हिरवा हाय.’

‘घारगे करायचेत, रविवारसाठी.’

‘देठ वाळू दे. गर फिका निघतो. आजवर मी हिरव्या देठाचं डांगर तोडलेलं न्हाई.’

मी डांगराला हात लावून तशीच वाकलेली. बोटाला चीक लागला. निघता निघेना असा चीक. आणि कोणीतरी म्हणत होतं, रंग फिका आहे, पण चवीला झकास.

‘तोडलं होतं,’ मी म्हटलं. ‘एकदा सगळी तोडली होती. टोपली भरून. बाजेखाली ठेवली होती. मंगळवारी.’

आत्याबाई पाटाकडे बघायला लागल्या.

‘आणि बुधवारी ऊस पेटला,’ मी म्हटलं.

मी सरळ उभी राहिले. काय वाचलं ते दाखवा, असं बापू माझ्याकडून किती पुस्तकांत वदवून घेत आला, आणि जे वाचलं होतं ते मी गूळ घालून तळलं, डब्यात भरलं, पुण्याला नेलं. संपादकांनी दोन खाल्ले, उरलेले मी परतीच्या एस.टी.त संपवले. रहस्यकथा लिहिणारी आणि रहस्यकथा छापणारा, दोघांनी मिळून पुरावा फस्त केला आणि वर रंगाला नावं ठेवली.

‘मामा,’ मी यंत्र लावलेल्या कानाशी जाऊन म्हटलं, ‘तुम्ही नव्हता पेटवला ऊस?’

‘मी कवा म्हनलो मी पेटवला? तू लिवलंस, मी वाचलं.’

‘मग नळ्या?’

‘ही म्हनली नळ्या काढा. मी काढल्या.’ त्यांनी आत्याबाईंकडे अंगठा केला. ‘का म्हनून इचारायची सवय मला लागलीच न्हाई.’

मला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग कळेना की कशाचं आहे. ज्या बाईने नेम घातला, माझ्यासमोर शेंगा फोडत नाही म्हणाली, बांधावर उभी राहून पाटापलीकडे ऐकू जातील अशा शिव्या दिल्या, तिच्याकडे मी एकदाही संशयाने पाहिलं नव्हतं. माझ्या कोणत्याही वाचकाने मला असं गाठलं असतं तर मी लिहिणं सोडलं असतं.

‘पण आत्याबाई, तुम्ही त्या दिवशी सरळ हो का नाही म्हणालात? जा म्हणायचं ना मला.’

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ‘नेम माझाच हुता. चारचौघांत कसा मोडू? लाज वाटती का न्हाई?’

‘आणि ऊस जाळायला लाज नाही वाटली?’

‘तिथं कोन बघत हुतं.’

‘शिव्या कोणाला दिल्या मग?’

‘मलाच दिल्या. हात काय झडले न्हाईत.’ त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले, सुरकुतलेले, थोडे थरथरणारे, दाही बोटं जागच्या जागी. मी ते हात धरून बसून राहिले. आयुष्यभर मी चुकीच्या माणसाला पुस्तक अर्पण करून बसले होते आणि तो माणूस मजेत तंबाखू मळत होता.

‘पुढच्या आवृत्तीत नाव बदलते मी,’ मी म्हटलं.

‘काय बी बदलू नको,’ मामा म्हणाले. ‘लोक मला च्या पाजत्यात.’

भोंगा पुन्हा वाजला. पाटापलीकडून ट्रॅक्टर गेला, गाणं लावलेला, रिकामा, कोणाच्या तरी तोडीला निघालेला. आमचा ऊस वाऱ्याने हलत होता. मला एकदम रविवार आठवला.

‘आत्याबाई, रविवारी मला नगरला जायचंय. मुक्काम पडेल. ऊस तर उभा आहे.’

‘हाय की.’

‘मग नेम?’

‘नेम हायच.’

त्यांनी उसाकडे पाहिलं. अलीकडच्या रानात यंदा ऊस नव्हता, पलीकडच्याही नव्हता, आणि कडेने पाट वाहत होता.

‘डांगरं काढून घरात ने,’ त्या म्हणाल्या.

‘देठ हिरवे आहेत.’

‘असू दे,’ त्या म्हणाल्या, आणि मामा काही न विचारता उठून नळ्या गोळा करायला निघाले.